जिस्टची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे आयुष्य
जठर आणि आतड्यांच्या भिंतीत उद्भवणाऱ्या 'जिस्ट' गाठी बराच काळ स्नायूंच्या गाठी म्हणूनच नोंदल्या जात. 1983 मध्ये मझूर आणि क्लार्क यांनी त्यांचे वेगळेपण मांडले. 1998 मध्ये जपानमधील हिरोता व सहकाऱ्यांनी 'किट' जनुकातील बिघाड दाखवून दिला.

तोवर खरा उपचार एकच होता, शस्त्रक्रिया. नेहमीची केमोथेरपी जवळजवळ निरुपयोगी ठरे. मोठी गाठ बऱ्याचदा ठिसूळ असते. तिचे आवरण फाटले तर पेशी उदरपोकळीत सांडतात आणि रोग उलटण्याचा धोका फार वाढतो. म्हणून गाठीला थेट चिमटा न लावता ती भोवतालच्या निरोगी कडेसह अखंड काढतात. सारे कौशल्य इथे पणाला लागते. लसिकाग्रंथींत हा रोग क्वचितच पसरत असल्याने त्या सहसा काढत नाहीत. तरीही न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील 200 रुग्णांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला आढावा मन खिन्न करतो: गाठ पूर्ण काढूनही 5 वर्षे जगलेले 54 टक्केच.

त्याच वर्षी फिनलंडमध्ये एका रुग्णाला 'किट'मधील बिघाडाचा परिणाम रोखणारी इमॅटिनिब ही गोळी दिली गेली आणि चित्र पालटले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जास्त धोका असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर 3 वर्षे ही गोळी दिल्यावर 5 वर्षांनी 92 टक्के हयात होते. 1 वर्षच घेणाऱ्यांत हे प्रमाण 81.7 टक्के होते. मात्र गोळी थांबल्यावर काहींचा रोग उलटतो, त्यामुळे सीटी स्कॅनची तपासणी पुढेही वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.