डावखुऱ्याची गिटार

आपल्या भाषेंत पक्षपात करण्याला 'डावें-उजवें करणें' असें म्हणतात. या वाक्प्रचारांत मान कोणाचा व उपेक्षा कोणाची, हें कोणास विचारावें लागत नाहीं. दर दहा माणसांमागें सुमारें एकजण डावखुरा असतो. पण जगांतील बहुतेक हत्यारें उरलेल्या नऊजणांच्या सोयीनें घडलीं. कात्रीचीं पातीं उजव्या मुठीच्या बेतानें जोडलेलीं असतात. शाईनें लिहिणाऱ्या डावखुऱ्या मुलाचा तळहात ओल्या अक्षरांवरून फिरतो, आणि वही बरबटल्याबद्दल बोलणीं त्यालाच खावीं लागतात. कात्री व लेखणी या गरजेच्या वस्तु झाल्या. परंतु ज्या वस्तूवर माणूस निव्वळ प्रेमापोटीं हात ठेवतो, ती वस्तूच त्याचा हात नाकारूं लागली म्हणजे तो काय करतो? या प्रश्नाचें उत्तर विजेच्या गिटारीच्या इतिहासांत फार चांगलें सांपडतें.

प्रथम वाद्याची ठेवण पाहूं. सतारीप्रमाणें गिटारीसही दांडी, पडदे, खुंट्या व घोडी हीं असतात. उजव्या हाताचा वादक डाव्या हाताच्या बोटांनीं दांडीवर तारा दाबतो आणि उजव्या हातानें त्या छेडतो. सहा तारांपैकीं सर्वांत जाड, खर्जाची तार वर म्हणजे वादकाच्या हनुवटीकडे असते व सर्वांत बारीक तार खालीं असते. डावखुऱ्यानें तीच गिटार फिरवून धरली कीं हा क्रम उलटा होतो. तारा काढून त्या पुन्हां उलट क्रमानें चढवाव्या, तर खुंट्यांजवळच्या पट्टीवरील बारीक तारेच्या खांचेंत जाड तार बसत नाहीं. ती खांच नव्यानें कोरावी लागते. तथापि जुन्या पोकळ लांकडी गिटारीचें अंग बहुधा दोन्ही बाजूंनीं सारखें असे. त्यामुळें थोड्या खटपटीनें डावखुऱ्याचें काम भागे.

विजेनें ही सवलत काढून घेतली. १९३१-३२ सालीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बोशँप व अडॉल्फ रिकनबॅकर यांनीं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचें वेटोळें यांच्या योगानें गिटारीचें कंपन विजेच्या प्रवाहांत उतरविलें. ती पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवीत, आणि तिचा आकार तव्यासारखा असल्यानें लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. पुढें फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर यानें १९५० सालीं भरीव लांकडाची गिटार बाजारांत आणली, व १९५४ सालीं 'स्ट्रॅटोकास्टर' नांवाची दुसरी. आवाज आतां विजेनें वाढत असल्यामुळें पोकळ पेटीची गरज उरली नव्हती. लांकडास वाटेल तो आकार देतां येऊं लागला. स्ट्रॅटोकास्टरच्या अंगाला दोन शिंगें आलीं, एक लांब व एक आंखूड. आवाजाच्या कळा उजव्या हाताखालीं आल्या. सूर हलविण्याचा दांडा त्याच बाजूस आला. उजव्या हाताच्या वादकास जो जो आराम मिळाला, तो तो डावखुऱ्यास अडचण होऊन बसला; कारण ही गिटार उलटी धरली कीं कळा कोपराखालीं येतात, आणि दांडीच्या टोकाकडील पडद्यांवर जाणाऱ्या हाताच्या आड लांब शिंग येतें.

या अडचणींतून डावखुऱ्यांनीं तीन वाटा काढल्या.

पहिली वाट म्हणजे वाद्य आहे तसेंच उलटें धरून वाजविणें. उत्तर कॅरोलायनांतील एलिझाबेथ कॉटन हिनें लहानपणीं भावाचा बँजो लपूनछपून वाजविला. वाद्य भावाचें असल्यामुळें त्याच्या तारांना हात लावण्याची सोय नव्हती. पुढें तिनें साधी गिटारही तशीच उलटी वाजविली. त्यामुळें इतर वादक ज्या आंगठ्यानें खर्जाच्या तारा छेडतात, त्या आंगठ्यानें ती मुख्य चाल वाजवी आणि बोटांनीं खर्ज सांभाळी. या पद्धतीस पुढें तिचेंच नांव मिळालें. विजेच्या गिटारीवर हीच वाट अल्बर्ट किंग यानें चोखाळली. मिसिसिपींत जन्मलेला हा ब्ल्यूज गायक गिब्सन कंपनीची 'फ्लाइंग व्ही' गिटार वाजवी. तिचें अंग बाणाच्या टोंकासारखें दोन्ही बाजूंनीं सारखें असल्यानें ती फिरविली तरी फारशी अडत नसे. इतर वादक बारीक तार वर ढकलून सूर चढवितात. किंग तीच तार खालीं ओढी. त्याच्या मिंडेंत जो निराळा जोर भासतो, त्याचें मूळ या उलट्या तारांत आहे.

दुसरी वाट म्हणजे उजवी गिटार फिरवून तिच्या तारा नव्यानें चढविणें. सिएटलचा जिमी हेंड्रिक्स (१९४२-१९७०) हा या वाटेचा सर्वश्रुत प्रवासी. १९६९ सालीं वुडस्टॉक येथें त्यानें जी पांढरी स्ट्रॅटोकास्टर वाजविली, ती उजव्या हाताचीच होती. घोडीजवळचें चुंबकाचें वेटोळें त्या गिटारींत तिरपें बसविलेलें असतें. गिटार उलटल्यावर तो तिरपेपणाही उलटला, आणि जाड व बारीक तारांच्या नादांतील प्रमाण बदललें. पुढें एक मौजेची गोष्ट घडली. १९९७ सालीं फेंडर कंपनीनें हेंड्रिक्सच्या स्मरणार्थ एक गिटार काढली. ती वस्तुतः डाव्या हाताची असून उजव्या हातानें वाजविण्यासाठीं तिला तारा चढविल्या होत्या. तिच्यावरचें नांवही आरशांत सरळ दिसावें असें उलटें छापलें होतें. डावखुऱ्यानें नाइलाजानें पत्करलेली गैरसोय उजव्या हाताच्या लोकांनीं पैसे मोजून विकत घेतली!

तिसरी वाट सर्वांत सरळ, पण सर्वांत लांबची: डाव्या हातासाठींच घडविलेलें वाद्य शोधीत राहणें. लिव्हरपूलच्या पॉल मॅकार्टनीस वडिलांनीं दिलेला ट्रंपेट बदलून त्यानें एक साधी गिटार घेतली. पण ती कांहीं केल्या हातीं बसेना. स्लिम व्हिटमन या गायकाचें चित्र पाहून त्यास उलगडा झाला, कीं गिटार डावीकडूनही धरतां येते. १९६१ सालीं हँबुर्ग येथें त्यानें हॉफ्नर कंपनीची, व्हायोलिनच्या आकाराची, खर्जाची गिटार सुमारें तीस पौंडांस घेतली. तिचें अंग दोन्ही बाजूंनीं सारखें असल्यामुळें डाव्या हातीं ती विचित्र दिसत नाहीं, हें त्यानें स्वतःच पुढें सांगितलें. ती वजनास हलकी आणि दांडीनें सडपातळ होती. १९७२ सालीं ती लंडनमध्यें चोरीस गेली आणि अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर परत मिळाली. हें वृत्त २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी याची हकीकत आणखी बोलकी आहे. पत्र्याच्या कारखान्यांत यंत्राखालीं सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें गेलीं. आणि तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यानें वितळविलेल्या प्लॅस्टिकच्या टोपणांनीं बोटें झांकलीं व हलक्या तारा वापरल्या. त्याच्याजवळ एक उजवी गिब्सन होती, ती तो उलटी धरून वाजवी. पुढें त्यास एक असा गृहस्थ भेटला, कीं जो उजव्या हाताचा असून डावी गिब्सन उलटी वाजवीत होता. दोघांनीं अदलाबदल केली, आणि दोघांचाही शोध संपला.

येथवर प्रश्न डाव्या-उजव्याचाच होता. परंतु ज्याचा पंजा लहान आहे अशा डावखुऱ्याचें काय? गिटार उलटवितां येते, अरुंद करितां येत नाहीं. दांडीच्या पोटांत लोखंडी सळई असते. कडा तासल्या तर पडद्यांचीं टोकें कापावीं लागतात, खांचा जवळजवळ आणाव्या लागतात, आणि एवढें करूनही कडेची तार बोटाखालून निसटून बाहेर पडण्याचें भय राहतें. म्हणून अरुंद दांडी ही मुळांतच अरुंद घडलेली असावी लागते.

ही रुंदी खुंट्यांजवळच्या पट्टीशीं मोजतात. १९६० नंतरच्या दशकांत फेंडर कंपनी आपल्या दांड्यांस रुंदीप्रमाणें अक्षरें देई. 'ए' म्हणजे दीड इंच. 'बी' म्हणजे त्याहून एक अष्टमांश इंच अधिक. 'सी' म्हणजे पावणेदोन इंच. आणि 'डी' त्याहूनही रुंद. नेहमींचें माप 'बी'. हें अक्षर दांडीच्या बुडाशीं शिक्क्यानें उठविलेलें असे, त्यामुळें स्क्रू काढून दांडी अंगापासून वेगळी केल्याखेरीज तें दिसत नसे. गिब्सन कंपनीनेंही १९६५ च्या सुमारास कित्येक गिटारींच्या दांड्या सुमारें एक अष्टमांश इंचानें अरुंद केल्या. एक अष्टमांश इंच म्हणजे तीन मिलीमीटर, तांदुळाच्या दाण्याच्या लांबीचाही अर्धा भाग. पण ज्याचें करंगळीचें टोंक तेवढ्यानेंच खर्जाच्या तारेपर्यंत पोहोंचत नाहीं, त्यास हें अंतर वेशीपलीकडल्या गांवाएवढें वाटतें. डावी गिटार दुर्मिळ, अरुंद दांडी त्याहून दुर्मिळ. आणि दोन दुर्मिळ गोष्टी एकाच लांकडांत मागणारा ग्राहक दुकानदारास हट्टी वाटावा, यांत नवल नाहीं.

असाच एक हट्टी ग्राहक म्हणजे अमेरिकेचा कर्ट कोबेन. हा डावखुरा वादक फेंडरच्या 'मस्टँग' गिटारीवर लुब्ध होता. १९६४ सालीं विद्यार्थ्यांसाठीं म्हणून काढलेली ही गिटार लहानखुरी. स्ट्रॅटोकास्टरची तार साडेपंचवीस इंच, तर मस्टँगची चोवीस इंच किंवा त्याहूनही कमी. त्यामुळें पडदे जवळ येतात व लहान हातास ताण पडत नाहीं. बेताच्या किंमतीची चांगली डावी गिटार मिळणें सोपें नाहीं, असें तो मुलाखतींत सांगे. १९९३ च्या दौऱ्यांत त्यानें जपानांत घडविलेल्या डाव्या मस्टँग वापरल्या. शेवटीं त्यानें 'जग्वार' व 'मस्टँग' या दोन गिटारींचीं छायाचित्रें कापून अर्धी-अर्धी जोडलीं आणि तसें वाद्य घडविण्याची कल्पना कंपनीपुढें ठेवली. १९९४ सालीं तो वारला. त्याच्या कल्पनेची 'जॅग-स्टँग' गिटार १९९५ सालीं बाजारांत आली, आणि ती डाव्या व उजव्या अशा दोन्ही हातांसाठीं होती.

आतां लांकूड कोरणारीं यंत्रें संगणकावर चालतात. आंकडे उलटे दिले कीं उजव्या आकाराचा डावा आकार होतो. तरीही दुकानांतील भिंतीवर डाव्या गिटारी थोड्याच टांगलेल्या दिसतात, आणि विकणारा 'सडपातळ दांडी' म्हणून जी दाखवितो ती पुष्कळदां जाडीनें पातळ असते, रुंदीनें अरुंद नसते. शोधणाऱ्यानें म्हणून शब्दावर न जातां मोजपट्टी घेऊन जावें. आपली दीड इंचाची गरज सांगण्यांत त्यानें संकोचही मानूं नये. कॉटन व किंग यांनीं हात वाद्यास जुळवून घेतला, हेंड्रिक्सनें वाद्य हातास जुळवून घेतलें, आणि कोबेननें वाद्य घडविणाऱ्यासच आपल्या हाताकडे पहावयास लावलें. या तिघांतील कोणताही मार्ग कमी प्रतीचा नाहीं. कमी प्रतीचा मार्ग एकच, तो म्हणजे डावखुऱ्या मुलाच्या हातून वाद्य काढून घेऊन 'हें तुझ्यासाठीं नाहीं' असें त्याला सांगणें.