खळ्यावरचे धान्य आणि देवाची पंगत

पूर्वी खानदेशात देवळाच्या कामासाठी पावतीपुस्तक निघत नसे. सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली, की ती घरी नेण्याआधी बलुतेदारांचा वाटा मोजून दिला जाई. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांच्याबरोबरच देवाची पूजाअर्चा आणि झाडलोट करणारा गुरवही आपले बलुते तेथूनच नेई. पंगतीसाठी लागणाऱ्या पत्रावळीही तोच पुरवी. म्हणजे देवाचा दिवा, नैवेद्य आणि पंगत हे सर्व खळ्यावरच्या धान्यावर चालत असे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या धान्याचा आणि त्यापासून झालेल्या भाकरीचा इतिहास स्मरणे उचित ठरेल.

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजेच पुढचा जळगाव जिल्हा आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे जिल्हा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. सरकारी सीमा अशा बदलत गेल्या, तरी तापी, गिरणा, पांझरा या नद्यांकाठचे ताट मात्र पुष्कळ काळ एकच राहिले. काळ्या जमिनीत ज्वारी, हलक्या जमिनीत बाजरी आणि त्यांच्या जोडीला उडीद, मूग, तूर, तीळ हे पीक घेऊन शेतकरी वर्षाची बेगमी करी. ज्वारीचा दाणा माणसाला आणि कडबा बैलाला. एकाच पिकावर घर आणि गोठा दोन्ही चालत.

या ताटातील मुख्य पदार्थ म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून एकत्र दळले की कळणा तयार होतो. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद असे प्रमाण पुष्कळ घरांत असते, तरी प्रत्येक घरचा हात वेगळा. या मिश्रणामागे मोठे शहाणपण आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही. म्हणून ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळून हातावर थापावे लागते. उडदाच्या अंगच्या चिकटपणामुळे भाकरी फाटत नाही व मऊ राहते. दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. ज्वारीत लायसिन हा शरीराला आवश्यक असलेला प्रथिनांचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर आहे. उडदात मेथिओनिन हा घटक कमी पडतो, त्याची भर ज्वारी घालते. दोन्ही एकत्र आले की ज्याला दूध-तूप परवडत नाही अशा कष्टकऱ्यालाही चांगले प्रथिन मिळते. ही शास्त्रीय नावे कानावर नसतानाही खानदेशातील आयाबायांनी अनुभवाने हे प्रमाण बसविले होते.

भाकरीबरोबर ठेचा, कांदा, शेंगदाण्याचे तेल आणि हिवाळ्यात भरीत. जळगाव भागातील मोठी, हिरवट पांढरी, कमी बियांची वांगी यासाठी प्रसिद्ध आहेत. बामणोदच्या वांग्यांचे नाव तर दूरवर पोहोचले असून जळगावच्या भरिताच्या वांग्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांवर ही वांगी भाजतात. जोराच्या जाळाने साल करपते, आतला गर स्वतःच्या वाफेत शिजतो आणि धुराचा वास त्यात उतरतो. मग हिरवी मिरची, लसूण यांसह लाकडी बडगीत ते ठेचले जाते. ज्याला विकत घ्यावे असे त्यात फारसे काही नव्हते. सरपणसुद्धा शेतातलेच. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे करून वाळवून ठेवीत. भाजीपाला दुर्मीळ होई त्या दिवसांत ते उपयोगी पडत.

या सर्वांमागे बायकांचे श्रम होते. पहाटे जात्यावर दळण पडले नाही तर घरात भाकरी होत नसे. असोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर राबता राबता त्यांना गाणी सुचली आणि त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. घरोट, म्हणजे जाते, हा त्यांच्या गाण्याचा विषय व्हावा हे साहजिकच होते. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरच्या लक्ष्मीला पहाटेची दोन घटका झोप मिळाली. जुन्या अन्नाचे गुणगान करताना हे कष्ट विसरता येत नाहीत.

गहू हे मात्र सणाचे धान्य. त्याला पाणी हवे. पांझरा नदीच्या काठी बंधारे बांधून पाटाने पाणी घेण्याची फड पद्धत काही शतकांपासून चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पीक फिरवायचे आणि पाटकऱ्याने ठरलेल्या पाळीने पाणी सोडायचे, अशी ही गावाने गावासाठी केलेली व्यवस्था. तेथे गहू, ऊस, भात पिके. आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस, श्रावणात कानबाईच्या रोटाची पुरणपोळी, खीर आणि गंगाफळाची भाजी, हे सारे त्या जपून ठेवलेल्या गव्हाचे.

भंडाऱ्याची वरण-बट्टीही गव्हाचीच. जाडसर दळलेल्या पिठाचे गोळे शिजवून, कापून तेलात तळायचे, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. हजार माणसांना पोळ्या लाटणे कठीण. बट्टी मात्र गावातले पुरुष कढईभोवती बसून सहज करतात. म्हणूनच ती गावपंगतीचे अन्न झाली.

परंतु या पंगतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी निंदणी-कापणी केली, गावाची राखण केली, मेलेली गुरे ओढली, त्या महार, मांग, चांभार बांधवांना खळ्यावर बलुते मिळे, पण देवळात प्रवेश नव्हता. पंगतीत त्यांची पाने वेगळी, तीही शेवटी आणि दूर. त्यांच्या हातचे धान्य देवाला चाले, पण ते स्वतः चालत नसत. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. ते दार उघडले. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला. आज सर्वांची एक पंगत बसते, ती सहजासहजी बसलेली नाही, याची जाणीव नव्या पिढीने ठेवावी.

खळ्याचे हे गणित बदलू लागले ते आगगाडी आल्यापासून. १८६० नंतरच्या काही वर्षांत लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळपर्यंत आला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेशची काळी जमीन पांढरी झाली. हाती रोकड आली, पण युद्ध संपताच भाव कोसळले. ज्वारीचा भाव पडला तर ती खाता तरी येते. कापसाचे तसे नाही. १८९९ मध्ये पाऊस गेला आणि संवत १९५६ चा ‘छप्पन्नाचा दुष्काळ’ पडला. आगगाडीने धान्य येत होते, पण ते विकत घेण्यास लोकांच्या हाताला काम आणि गाठीला पैसा नव्हता. धान्य दिसते आहे आणि घेता येत नाही, ही त्या दुष्काळाची खरी व्यथा होती.

स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा पहिला वाण आला. उत्पन्न वाढले, पण ताट बुटके म्हणून कडबा कमी, आणि लवकर तयार होणारा दाणा परतीच्या पावसात काळा पडे. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीच्या देशात अमेरिकेची लाल मिलो रेशनवर घेऊन तिची भाकरी करावी लागली. खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी पडली. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला.

पुढे गिरणा धरण आणि १९८२ चे हतनूर धरण यांनी पाणी आणले. रावेर, यावल भागात केळीच्या बागा फुलल्या. सावदा, निंभोरा, रावेर स्थानकांतून केळीचे डबे दिल्लीकडे जाऊ लागले. ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपांनी केळीचे उत्पन्न वाढविले. जळगावच्या डाळ गिरण्यांची डाळ देशभर पोहोचली. या समृद्धीतूनच मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे उभी राहिली आणि देवळाच्या नव्या बांधकामाला हातभार लागला. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र ज्या शेताने एकेकाळी वर्षाचे धान्य दिले, तेथे आज पुष्कळदा एक पोतेही ज्वारी होत नाही. ज्वारी विकत आणावी लागते आणि कळणा हौसेचा, पाहुण्यांसाठीचा पदार्थ झाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांत ज्वारीची थोरवी गाइली गेली. खानदेशच्या म्हाताऱ्या मंडळींना त्यात नवल वाटले नसेल.

जीर्णोद्धाराच्या पाटीवर देणगीदारांची नावे कोरली जातील आणि ती कोरलीच पाहिजेत. पण जुन्या भिंती ज्यांच्या पायली-दोन पायली ज्वारीवर उभ्या राहिल्या, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. त्यात बलुतेदार होते, सालदार होते, जात्यावर बसणाऱ्या सासुरवाशिणी होत्या. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग सोपा आहे. प्रत्येक शेतकऱ्याने बांधावर का होईना, चार ओळी ज्वारीच्या आणि दोन उडदाच्या पेराव्यात. भंडाऱ्याच्या दिवशी बट्टीच्या शेजारी कळण्याच्या भाकरीचा एक चतकोर पानात पडावा. आणि त्या पंगतीतून कोणीही, कोणत्याही कारणाने, उपाशी उठू नये.

अन्नदाता सुखी भव!