वेअरी, सावध आणि मिठाची पोती

'वेअरी' आणि 'विअरी'. ऑफिसच्या मेलमध्ये या दोन शब्दांची हमखास गल्लत होते. 'या डिझाइनबद्दल मी वेअरी आहे' म्हणजे 'मला यात धोका दिसतोय, जरा जपून'. तिथे 'विअरी' लिहिलं की अर्थ होतो, 'या डिझाइनचा मला कंटाळा आलाय'. (बऱ्याचदा तेही खरंच असतं म्हणा! :))

मंडळी, 'वेअरी' आणि 'कॉशस' या दोन्हींसाठी आपण मराठीत सरळ 'सावध' म्हणतो. पण दोघांची घराणी वेगळी. 'कॉशस' लॅटिनमधून आला, त्याच्या मुळाशी स्वतःचा बचाव करणं आहे. 'वेअरी' हा 'अवेअर'चा भाऊ. त्यात जाणीव आहे. आपला 'सावध' याच्याच जवळचा: स + अवधान, म्हणजे लक्ष जागेवर असलेला. आणि फारसीतून आलेला 'खबरदार' म्हणजे ज्याच्याकडे खबर आहे तो.

बचाव आणि लक्ष यातला फरक बघायचा तर संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवरचा देवगिरी बघा. ताशीव कडे, अवघड चढण. (खंदक, अंधारी वगैरे आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतरच्या काळातलं.) इतका कॉशस किल्ला शोधून सापडायचा नाही.

पण १२९६ मध्ये काय झालं? प्रयागजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन निघाला. बेत त्याने स्वतःच्या चुलत्यापासून, म्हणजे दिल्लीच्या सुलतानापासूनही लपवला होता. इकडे रामचंद्रदेव यादवाची मुख्य फौज राजपुत्राबरोबर बाहेर. शत्रू अगदी जवळ आल्यावर राजाला कळलं. तो किल्ल्यात शिरला. मागून दिल्लीची मोठी फौज येतेय अशी आवई अलाउद्दीनने उठवली, आणि ती खोटी आहे हे सांगणारा कोणी नव्हता.

त्यात मिठाची गोष्ट. सुमारे तीनशे वर्षांनी फिरिश्ता या इतिहासकाराने ती लिहून ठेवलीय. घाईघाईत धान्य समजून पोती गडावर चढवली, वेढा पडल्यावर उघडली तर आत मीठ! शेवटी राजाने अमाप सोनंनाणं आणि एलिचपूरचा महसूल देऊन तह केला. पुढे १३१८ पर्यंत यादवांचं राज्यच संपलं.

मिठाची गोष्ट अक्षरशः खरी की नंतर रंगवलेली, यावर वाद घालता येईल. पण आमच्या धंद्यात ती रोज घडते. बॅकअप रोज रात्री होतो, लॉगमध्ये 'सक्सेस' येतं, फाइलचा आकारही बरोबर असतो. म्हणजे पोती मोजून झाली. त्यातली एखादी रिस्टोअर करून शेवटची कधी बघितली? त्या प्रश्नावर मीटिंगमध्ये शांतता पसरते. भिंत आहे, अवधान नाही.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक पोतं उघडून बघा. असो, भेटू पुढच्या वीकेंडला.