वाघ, स्वक्षेत्राबाहेरील (वऱ्हाड)

जन्मस्थानाचे अरण्य सोडून, ज्या मुलखात आपल्या जातीचे स्थायी वास्तव्य नाही किंवा पिढ्यानुपिढ्या उरलेले नाही अशा मुलखात दृष्टीस पडणाऱ्या वाघाचा विचार या नोंदीत केला आहे. स्वक्षेत्राबाहेरील दर्शने एकट्या वाघाचीच होतात असे नाही. उत्तर अटलांटिकमधील तरंगत्या हिमावर जन्मणाऱ्या हूडेड सील या जातीतील अल्पवयीन प्राणी कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिकोपर्यंत पोहोचल्याच्या नोंदी आहेत. आणि ज्या भारतीय किनाऱ्यावर सीलची एकही जात वास्तव्य करीत नाही त्याच्या समोरच्या, अरबी समुद्रापलीकडील ओमानच्या किनाऱ्यावर दक्षिण गोलार्धातील हत्ती-सील चढून आल्याचे वृत्त शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर २००२ साली कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरलेले हत्ती आणि २०२१ साली छत्तीसगडातून गडचिरोलीत आलेला हत्तींचा कळप याच प्रकारात मोडतात. वऱ्हाडास समुद्र नाही आणि रानहत्तीही नाहीत. येथे अशी इत्तला येते ती बहुधा पट्टेदार वाघाची.

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हा तालुका या दृष्टीने मोक्याचा आहे. उत्तरेस गाविलगडची डोंगररांग आणि तिच्यापलीकडे बैतुलची अरण्ये. वायव्येस, १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असलेला मेळघाट. पूर्वेस मोर्शी-वरुडचा संत्र्याचा पट्टा आणि त्यापुढे वर्धा नदी. दक्षिणेस कपाशी व तुरीचे अफाट काळे सपाट शिवार. सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा याच तालुक्यातून मैदानात उतरते. पायथ्याच्या बहिरमला हिवाळ्यात महिनाभर यात्रा भरते, तेव्हा तंबूंच्या रांगांपासून डोंगराची झाडी हाकेच्या अंतरावर असते. तालुक्याच्या मैदानी भागात वाघाचे ठाणे नाही. परंतु ज्याला मेळघाट, बैतुल आणि वर्धेकाठ यांमध्ये ये-जा करावयाची आहे त्याच्या मार्गात हा मुलूख अपरिहार्यपणे येतो.

वाघाचा बच्चा सुमारे दीड ते दोन वर्षांचा झाला म्हणजे आईपासून विभक्त होतो. मादी पुष्कळदा जन्मक्षेत्राच्या लगतच आपले क्षेत्र मांडते. नराला मात्र, जेथे आधीचा प्रौढ नर धनी होऊन बसलेला आहे तेथे थारा मिळत नाही, आणि मग मोकळी जागा, पुरेसे भक्ष्य व मादी या तिन्हींचा योग जुळेपर्यंत तो चालत राहतो. सीलच्या बाबतीतही दूर भटकणारे बहुधा अल्पवयीनच असतात. म्हणून अशा वाघास वृत्तपत्रे ‘वाट चुकलेला’ म्हणतात ते यथार्थ नाही: तो वाट चुकलेला नसून जागा शोधीत असतो, आणि लहान अभयारण्यांत वाघांची वीण यशस्वी झाल्याचेच तो लक्षण असतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्रफळ अवघे दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे जन्मलेल्या प्रत्येक नराने तेथेच राहावे हे निसर्गतः अशक्य आहे.

या विषयाचे सर्वांत मौलिक उदाहरण टिपेश्वरनेच पुरविले आहे. तेथील एका वाघिणीच्या तीन नर बच्च्यांपैकी एकाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये उपग्रहाशी संधान राखणारा पट्टा चढविला. टीवन-सीवन अशा रूक्ष संकेताने दप्तरात नोंदलेला आणि पुढे ‘वॉकर’ या नावाने ख्यातनाम झालेला हा वाघ त्या पावसाळ्याच्या तोंडी निघाला, आणि आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे तुडवीत, मध्येच मागे वळत, नद्यानाले व हमरस्ते ओलांडीत, डिसेंबर २०१९ च्या आरंभी बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची चाल सुमारे १३०० किलोमीटर झाली होती. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर त्याच्या निम्मेही भरत नाही. एप्रिल २०२० मध्ये पट्टा उतरविण्यात आला तेव्हा नऊ महिन्यांतील एकूण वाटचाल सुमारे ३००० किलोमीटर असल्याचे सांगण्यात आले. पट्टा तासातासाला ठिकाण कळवीत असल्यामुळे त्याचा दिनक्रमही उमगला: दिवसा नाल्याच्या झुडपांत पडून राहावे, रात्री शिवारातून चालावे, वाटेत रानडुक्कर किंवा गुरेढोरे मारून भूक भागवावी. शेकडो गावांच्या इतक्या निकट राहूनही या प्रवासात माणसाला इजा झाल्याची घटना एकच सांगितली जाते, आणि तीही वाघ विसावला होता त्या झुडपात माणसे शिरल्यामुळे घडली. इतक्या निरुपद्रवी प्रवासाकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण वऱ्हाडचा शेतकरी रात्री जागलीस जातो त्याच पांदणीने हा प्राणी महिनोन्‌महिने चालत होता.

अशा भटकंतीची दुसरी आणि दुःखद बाजू अमरावती जिल्ह्याने एक वर्ष आधी अनुभवली. चंद्रपूर जिल्ह्यातून निघून वर्धा नदी ओलांडलेल्या एका तरुण नराने ऑक्टोबर २०१८ मध्ये धामणगाव रेल्वे तालुक्यातील मंगरूळ दस्तगीर व अंजनसिंगी येथे, तीन-चार दिवसांच्या अंतराने, दोन माणसांचा बळी घेतला. शेतात राबणाऱ्या माणसांवर कोसळलेले हे संकट होते, आणि त्यानंतर जिल्हाभर सोयाबीन-कपाशीची कामे भयाखाली चालली. वाघ उत्तरेकडे सरकत बैतुल जिल्ह्यात गेला. डिसेंबरात सारणी येथे त्यास जेरबंद करून सातपुडा व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आले. परंतु फेब्रुवारी २०१९ मध्ये तो पुन्हा सारणीतच अवतरला, पुन्हा पकडला गेला आणि कान्ह्यास नेण्यात आला. पकडून दुसरीकडे नेऊन सोडणे हा उपाय किती तोकडा आहे, हे या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट होते.

एखाद्या मौज्यात वाघ दिसल्याची खबर आली म्हणजे पहिला प्रश्न पुराव्याचा. काळ्या जमिनीत, विशेषतः पाऊस होऊन गेल्यावर, पाऊल पसरते आणि बिबट्याचा माग वाघाएवढा भासतो. कुत्रा आणि तडस यांच्या मागात नखांची टोके उमटतात. वाघ-बिबट्यांची नखे आत ओढलेली असल्याने सामान्यतः उमटत नाहीत, व तळव्याच्या मागील कडेस तीन फुगीर भाग स्पष्ट दिसतात. नराच्या मागील पंजाचा ठसा चौकोनी आटोपाचा, मादीचा लांबट. अनुभवी वनरक्षक धुऱ्यावर किंवा पांदणीच्या कडेला, जेथे चिखल घट्ट होत आला आहे तेथील माग निवडतो, त्यावर टोपली पालथी घालून गुराढोरांपासून त्याचे रक्षण करतो, आणि मग प्लास्टर ओतून ठसा उचलतो. तथापि निर्णायक पुरावा छायाचित्राचा. कोणत्याही दोन वाघांच्या पट्ट्यांची रचना सारखी नसते. त्यामुळे नाल्यात बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात डावी-उजवी कूस मिळाली की ती डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या संग्रहाशी ताडून वाघ कोणत्या अरण्याचा, हे ठरविता येते. मार्च २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील गौताळा अभयारण्यात कित्येक दशकांनंतर दिसलेला वाघ आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात दिसलेला वाघ, हे दोघेही टिपेश्वरच्या मुलखातले असल्याचे याच रीतीने उलगडले.

अशा प्रवासास ऋतूचे व पिकाचे साहाय्य लागते. वऱ्हाडात आश्विनापासून तूर डोक्यापर्यंत वाढते, कपाशी कमरेच्या वर जाते, आणि सबंध शिवार एका सलग झाडोऱ्याचे रूप घेते; संत्र्याच्या बागा तर बारमाही हिरव्या. माघ-फाल्गुनात तुरीची सोंगणी उरकली म्हणजे हा आडोसा नाहीसा होतो, आणि वाघास केवळ नदीनाल्यांचे काठ, बागा व पडीक बरड एवढाच आसरा उरतो. रोही व रानडुकरे यांच्या उपद्रवाने त्रस्त झालेला शेतकरी धुऱ्याच्या तारेत वीज सोडतो, तोही या वाटेवरचा मोठा धोका होय. डुकरासाठी लावलेली तार वाघास ओळखत नाही, आणि विदर्भात असे वाघ मेलेले आहेत.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने वस्तीच्या मुलखात आलेल्या वाघाविषयी कार्यपद्धती ठरवून दिली आहे. तिचा गाभा असा की जमाव पांगवावा, वाघाच्या परतीची वाट मोकळी ठेवावी, आणि मारलेल्या जनावराचा पंचनामा विनाविलंब करून भरपाई द्यावी. यातील शेवटची गोष्ट व्यवहारात सर्वांत महत्त्वाची आहे. गाय गेलेल्या कुटुंबाचा कागद तालुक्याच्या दप्तरात अडकून पडला, तर पुढील वाघाची खबर वनखात्याकडे न जाता विषाच्या बाटलीकडे जाण्याचा संभव असतो.

वॉकर जेथे पोहोचला ते ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे असून तो आला तेव्हा तेथे दुसरा वाघ नव्हता. त्याच्यासाठी मादी आणून सोडावी काय याचा विचार वनखात्याने केला. तथापि चोहोबाजूंनी शेती असलेल्या इतक्या लहान अरण्यात कुटुंब वाढल्यास त्यातील बच्चेही पुढे त्याच्यासारखेच शिवारात उतरतील, ही अडचण त्या वेळी पुढे आली.