शंभर वर्षांचें भाकीत

एखादें भविष्य खरें ठरलें कीं खोटें, एवढीच चौकशी आपण करतों. तें लोकांनीं मनावर कां घेतलें, हें सहसा विचारीत नाहीं. १८५७ सालच्या एका भाकिताविषयीं आज हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

२३ जून १७५७ रोजीं क्लाइव्हनें पलाशीच्या लढाईंत सिराजउद्दौल्याचा पराभव केला. तेथून शंभर वर्षांनीं कंपनीचें राज्य बुडणार, अशी वदंता १८५७ च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानांत पसरली होती.

आतां हीं शंभर वर्षें कोणत्या कालगणनेचीं? इंग्रजांच्याच! हिजरी वर्ष चांद्र, म्हणून सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान. त्या हिशेबानें शतक १८५४ मध्येंच पुरें झालें होतें. त्या वर्षीं कंपनी बुडाली तर नाहींच. उलट औरस वारस नाहीं या सबबीवर तिनें नागपूर आणि झांशी हीं दोन मराठी राज्यें गिळंकृत केलीं. मला वाटतें, भाकितास बळ आलें तें अशाच अन्यायांतून. १८५६ त अयोध्येचें राज्य गेलें, आणि बंगाल लष्करांतील पुष्कळसे शिपाई त्याच मुलुखाचे. त्यांत चरबीच्या काडतुसांची भर पडली. ज्यांना उठावयाचेंच होतें, त्यांना शंभराचा आंकडा सोईचा वाटला. तरीहि मीरतचे शिपाई त्या तारखेसाठीं थांबले नाहींत. ते १० मे रोजींच उठले.

२३ जून उजाडला तेव्हां मात्र भाकितानें आपलें काम केलें. दिल्लीबाहेरील टेकडीवरच्या इंग्रजी छावणीवर शिपायांनीं दिवसभर निकराचे हल्ले चढविले. कानपुरास जनरल व्हीलरच्या मोर्च्यावरहि त्याच दिवशीं मोठी चढाई झाली. दोन्ही ठिकाणीं इंग्रज त्या दिवसापुरते टिकले. भाकीत त्यांच्याहि कानांवर गेलें होतें, व दिल्लीच्या छावणींत त्या दिवशींच्या हल्ल्याची अपेक्षाच होती. आशेनें उच्चारलेला शब्द शत्रूलाहि सावध करतो, तो असा.

सप्टेंबरांत दिल्ली पडली. आणि मग, भाकीत फसलें असें सर्वांनीं मानल्यावर, २ ऑगस्ट १८५८ च्या कायद्यानें पार्लमेंटनेंच कंपनीचें राज्य खालसा केलें! शब्दावर बोट ठेवणारा म्हणेल, एका वर्षाच्या फरकानें कां होईना, भाकीत खरें झालें. परंतु टेकडीवर चालून गेलेल्या शिपायास कंपनी जाऊन राणी यावी, एवढेंच का हवें होतें? त्याला इंग्रज जावयास हवा होता. आणि तो गेला १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, पलाशीनंतर १९० वर्षांनीं.