हैतीचा उठाव : दप्तरांबाहेरचा इतिहास आणि कादंबरी

गुलामांनी शस्त्र हाती घेऊन वसाहतवादी सत्ता उलथवली आणि स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र उभे केले, असे जगाच्या इतिहासात एकदाच घडले. कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत ऑगस्ट १७९१ मध्ये पेटलेल्या उठावाचा शेवट १ जानेवारी १८०४ रोजी हैतीच्या स्वातंत्र्यघोषणेत झाला. अमेरिकन व फ्रेंच राज्यक्रांतीच्या तुलनेत या तिसऱ्या क्रांतीला इतिहासाच्या पुस्तकांत दीर्घकाळ फारच थोडी जागा मिळाली. कादंबरीकारांनी मात्र दोनशे वर्षे तिचा पिच्छा सोडलेला नाही.

साखरेची वसाहत

हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग १६९७ च्या तहाने स्पेनकडून फ्रान्सकडे आला. पुढच्या शंभर वर्षांत येथील ऊसमळे, कॉफीचे मळे आणि निळीची शेती यांनी फ्रान्सच्या बंदरांना गबर केले. १७८९ च्या सुमारास वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम होते. गोऱ्यांची संख्या ४० हजारांच्या आत होती आणि स्वतंत्र मिश्रवंशीय व कृष्णवर्णीय जवळपास तितकेच होते. मळ्यांवरील मृत्यूचे प्रमाण इतके भीषण होते की, मनुष्यबळ टिकविण्यासाठी आफ्रिकेतून सतत नवी माणसे आणावी लागत. त्यामुळे उठावाच्या वेळी निम्म्याहून अधिक गुलाम आफ्रिकेतच जन्मलेले होते.

चौदाव्या लुईने १६८५ मध्ये लागू केलेल्या ‘कोद न्वार’ या कायद्याने गुलामाला जंगम मालमत्ता ठरविले होते. मालमत्तेला बोलण्याचा हक्क नसतो. या उठावाविषयीच्या साहित्याची मुख्य अडचण येथूनच सुरू होते. मळ्यांचे हिशेब, खटल्यांची दप्तरे, गव्हर्नरांचे अहवाल हे सारे मालकांच्या बाजूने लिहिलेले आहे. बोआ कैमान येथील ज्या रात्रीच्या सभेत उठावाची शपथ घेतली गेली असे मानतात, तिचे पहिले छापील वर्णन १८१४ मधील आहे. तेही बंडखोरांविषयी तीव्र तिरस्कार असलेल्या आंत्वान दाल्मा या गोऱ्या शल्यवैद्याचे.

ह्यूगोपासून कार्पेंतिएरपर्यंत

या विषयावरील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक व्हिक्टर ह्यूगोची आहे. किशोरवयात लिहिलेली कथा वाढवून त्याने १८२६ मध्ये ‘ब्यूग-झार्गाल’ प्रसिद्ध केली. तिचा नायक उमदा, शूर आणि राजकुळातला गुलाम आहे. पण कथा सांगतो तो फ्रेंच अधिकारी. बंडखोरांच्या जमावाचे चित्रण भीतीपोटी केलेले आणि एक नायक तेवढा अपवाद, हा साचा पुढे अनेकांनी गिरवला. हैतीच्या लेखकाने लिहिलेली पहिली कादंबरी, एमेरिक बेर्झोची ‘स्तेला’, लेखकाच्या मृत्यूनंतर १८५९ मध्ये पॅरिसला छापली गेली. तिच्यात हैतीच्या जन्माची कथा रूपकाच्या अंगाने मांडलेली आहे.

विसाव्या शतकात दृष्टी बदलली. त्रिनिदादचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी उठावाचा नेता टूसाँ लूव्हर्त्यूर याच्यावर नाटक लिहिले. १९३६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर पॉल रॉबसन यांनी टूसाँची भूमिका केली. दोन वर्षांनी जेम्स यांचा ‘द ब्लॅक जेकोबिन्स’ हा इतिहासग्रंथ आला. वसाहतींच्या स्वातंत्र्याची मागणी जोर धरत असताना लिहिलेल्या या ग्रंथाचे लक्ष भूतकाळाइतकेच आफ्रिकेच्या भविष्याकडेही होते.

क्युबाचे लेखक आलेहो कार्पेंतिएर यांनी १९४३ मध्ये हैतीला भेट दिली आणि १९४९ मध्ये ‘या जगाचे राज्य’ अशा अर्थाच्या नावाची स्पॅनिश कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेतील ‘अद्भुत वास्तवा’ची कल्पना लॅटिन अमेरिकी साहित्यात पुढे फार चर्चिली गेली. कादंबरीचा केंद्रबिंदू टूसाँ नाही. तो आहे ती नोएल नावाचा सामान्य गुलाम. मोठ्या घटना त्याच्या आजूबाजूने जातात आणि वाचकाला त्या त्याच्या उंचीवरून दिसतात.

कादंबरीची खरी ताकद एका प्रसंगात कळते. मळ्यातून पळून जाऊन विषप्रयोगांचे जाळे उभारणारा माकांदाल जानेवारी १७५८ मध्ये पकडला गेला आणि त्याला जाहीरपणे जाळण्यात आले. जळताना त्याने खांबापासून क्षणभर सुटका करून घेतली, तेव्हा गर्दीत एकच गलका झाला. त्याला पुन्हा बांधून आगीत टाकण्यात आले, ही नोंद. तो निसटला, ही गुलामांची श्रद्धा. कार्पेंतिएर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतात. गोऱ्यांनी देहदंड पाहिला, गुलामांनी सुटका पाहिली. तेहेतीस वर्षांनी झालेल्या उठावाकडे जाणारी वाट या श्रद्धेतून होती, हे ते ठसवतात.

स्वातंत्र्यानंतर काय?

उठावाच्या दबावाखाली वसाहतीत १७९३ मध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने ती सर्व फ्रेंच वसाहतींत रद्द ठरविली. नेपोलियनने मात्र आपला मेहुणा लक्लेर्क याला मोठ्या फौजेसह पाठविले. १८०२ मध्ये टूसाँला कपटाने पकडण्यात आले. फ्रान्समधील जू किल्ल्याच्या थंडगार कोठडीत ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. लक्लेर्कलाही पीतज्वराने गाठले. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तियेरच्या लढाईत जाँ-जाक देसालिनच्या सैन्याने फ्रेंचांचा निर्णायक पराभव केला.

येथे थांबले तर ही विजयगाथा ठरते. चांगले लेखक येथे थांबत नाहीत. १८०४ मध्ये देसालिनच्या हुकुमाने उरलेल्या फ्रेंच रहिवाशांची सरसकट कत्तल झाली आणि १८०६ मध्ये त्याचीच हत्या झाली. उत्तरेत आंरी क्रिस्तोफ १८११ मध्ये राजा बनला. त्याचा प्रचंड गिरिदुर्ग आणि साँ-सूसी राजवाडा यांची नोंद १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. या बांधकामांसाठी सक्तीचे श्रम वापरले गेले. कार्पेंतिएरचा म्हातारा ती नोएल स्वतंत्र माणूस म्हणून मायदेशी परततो आणि त्याला त्याच दुर्गासाठी विटा वाहाव्या लागतात. फटके मारणारा हात आता त्याच्याच वर्णाचा असतो. मालक बदलला म्हणून गुलामी संपते का, हा प्रश्न कादंबरी विचारते. तरीही बंड व्यर्थ होते, असा निष्कर्ष ती काढत नाही. एमे सेझेर यांचे १९६३ मधील क्रिस्तोफवरील नाटकही याच प्रश्नाभोवती फिरते. आफ्रिकेत नवी राष्ट्रे जन्माला येत असतानाचा तो काळ होता.

नुकसानभरपाई कोणाला?

हैतीला १८२५ मध्ये फ्रेंच युद्धनौकांच्या धाकाखाली १५ कोटी फ्रँकची भरपाई मान्य करावी लागली. ती माजी मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली. पण त्यापायी काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत पुरले. या घटनेला २०० वर्षे झाली तेव्हा, एप्रिल २०२५ मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला.

ब्रिटिश वसाहतींतही भरपाई मालकांनाच मिळाली. जमैकात १८३१ च्या नाताळात मोठा उठाव झाला. अँड्रिया लेव्ही यांच्या ‘द लाँग साँग’ (२०१०) या कादंबरीला त्याची पार्श्वभूमी आहे. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर केले. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. त्यांच्या जागी मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटी मजूर नेण्यात आले. मॉरिशसमधील मराठी भाषक समाजाची मुळे याच स्थलांतरात आहेत. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. महात्मा फुले यांनी तर १८७३ मधील आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केले होते.

अलीकडच्या कादंबऱ्यांत मॅडिसन स्मार्ट बेल यांची १९९५ ते २००४ या काळातील तीन खंडांची मालिका टूसाँचा सारा कालपट उभा करते. इसाबेल आयेंदे यांनी २००९ मधील कादंबरीत सारिते या गुलाम स्त्रीला केंद्रस्थानी आणले. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्याने जेम्स यांचा इतिहास आणि कार्पेंतिएर यांची छोटेखानी कादंबरी जोडीने वाचावी. पहिल्या पुस्तकात सेनापतींचे निर्णय कळतात. दुसऱ्यात त्या निर्णयांची किंमत विटा वाहणाऱ्याने कशी मोजली, ते कळते.