हरवलेल्या पाण्याचा माग

जुन्या मोटारीच्या रेडिएटरमधले पाणी दर आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर कमी होते, पण गाडी उभी असते तिथली फरशी मात्र कोरडी. गॅरेजमध्ये ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढू देते. एकूण दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते, त्यामुळे तापलेल्या इंजिनातही ते द्रवरूपच राहते. पण याच दाबामुळे होज पाइपाची सैल क्लिप किंवा वॉटर पंपाचे झिजलेले सील गाडी तापल्यावरच पाझरू लागते आणि पाझरलेला थेंब गरम धातूवर लगेच सुकून जातो. आपण बॉनेट उघडून शांतपणे पाहू लागतो तेव्हा इंजिन निवलेले असते, दाब उतरलेला असतो आणि गळती बंद झालेली असते.

अशा वेळी ट्रकचालकांचा एक जुना उपाय म्हणजे रेडिएटरमध्ये टाकलेली हळद. भोक बारीक असेल तर हळद तिथे बसते आणि गळती थांबतेही. पण तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही बसते आणि इंजिन अधिकच तापू लागते. वाट सापडण्याआधीच ती बुजवायची असा हा प्रकार आहे.

जाणता मेकॅनिक निराळे करतो. तो पाण्यात चमकणारा हिरवट-पिवळा रंग मिसळतो, गाडी तापेपर्यंत चालवतो आणि मग निळ्या किंवा अतिनील प्रकाशाचा दिवा घेऊन पाइपांचे सांधे तपासतो. पाणी सुकले तरी रंग मागे उरतो आणि दिव्याखाली उजळतो. जुन्या पद्धतीच्या हिरव्या कूलंटमध्ये बहुधा हाच रंग आधीपासून घातलेला असतो. त्याचे नाव फ्लुओरेसीन. १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने थॅलिक अ‍ॅनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल यांच्यापासून तो प्रथम बनवला. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात, हे स्टोक्स यांनी १८५२ मध्येच दाखवले होते. फ्लुओरेसीन निळा प्रकाश शोषतो आणि हिरवा देतो. बायर यांना १९०५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात रंगद्रव्यांवरील कामाचा मोठा वाटा होता.

हरवलेले पाणी शोधायला हा रंग प्रथम नावारूपाला आला तो मात्र मोटारीत नव्हे, कारण मोटार तेव्हा जन्मालाच यायची होती. तो एका नदीत ओतला गेला.

दक्षिण जर्मनीत इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातल्या भोकांतून जमिनीत नाहीसे होते. तिथला खडक चुनखडीचा आहे. पाण्यात विरघळून त्यात पोकळ्या आणि बोगदे तयार झालेले आहेत. उन्हाळ्यात तर त्या पट्ट्यात नदीचे पात्र पार कोरडे पडते. तिथून दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा उसळून वर येतो. डॅन्यूबचे पाणी काळ्या समुद्राला जाते, तर आखचे पाणी कॉन्स्टन्स सरोवरातून ऱ्हाइन नदीला आणि पुढे उत्तर समुद्राला. डॅन्यूबकाठच्या कारखानदारांना ती भोके बुजवून आपले पाणी राखायचे होते. आखवर ज्यांच्या गिरण्या चालत त्यांना धास्ती होती, की भोके बुजली तर आपली चाके थांबतील. दोन्ही पाणी एकच, असा संशय जुनाच होता. पण संशयावर कोणाची गिरणी चालू किंवा बंद ठरवता येत नाही.

१८७७ च्या शरद ऋतूत कार्ल्सरूहेचे भूशास्त्रज्ञ अडोल्फ क्नोप यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्या प्रयोगांत टनावारी मीठ वापरले गेले, उग्र वासाचे खनिज तेल वापरले गेले आणि १० किलो फ्लुओरेसीन. तीन निराळ्या खुणा, म्हणजे तीन निराळ्या साक्षी: मीठ रासायनिक पद्धतीने मोजता येते, तेल नाकाला कळते, रंग डोळ्यांना दिसतो. रंग ओतल्यावर सुमारे ६० तासांनी आखचा झरा हिरवा झाला.

आता थोडे गणित करू. झऱ्यातून सेकंदाला सरासरी सुमारे ८,५०० लिटर पाणी येते, म्हणजे दिवसाला ७३ कोटी लिटर. १० किलो रंग एका दिवसाच्या पाण्यात पसरला असे धरले, तर ७३,००० लिटर पाण्याच्या वाट्याला जेमतेम १ ग्रॅम येतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या सात टँकरांना मिळून चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. दुसरे असे, की १२ किलोमीटरला ६० तास म्हणजे ताशी २०० मीटर. वाळूतून झिरपणारे पाणी या वेगाने जात नाही. खाली मोकळ्या वाटा असणार, हे रंगाच्या घड्याळानेच सांगितले. आम्हाला या प्रयोगातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. भांडण मात्र तिथे संपले नाही. ते राज्याराज्यांत चालत राहिले आणि १९२७ मध्ये जर्मनीच्या राज्य-न्यायालयापुढे गेले. निसर्गाने पाण्याची जी वाटणी केली आहे, तीत कृत्रिम ढवळाढवळ करू नये, असा त्या निर्णयाचा रोख होता.

क्नोप यांनी एकाच खुणेवर विसंबून न राहण्याचे जे पथ्य पाळले, ते गॅरेजातही लागू पडते. हेड गास्केट फुटले असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते आणि दिव्याला बाहेर काहीच दिसत नाही. तिथे साक्षीदार बदलावा लागतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या द्रावणातून ओढतात. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरत असेल तर निळे द्रावण पिवळे पडते. शाळेच्या प्रयोगशाळेत नळीने फुंकर मारून आपण दाखवतो तोच हा प्रयोग. जागा सापडली की दुरुस्ती सोपी असते: क्लिप बदलणे, पंपाचे सील बदलणे, किंवा जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर डाख देणे. नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या टाकीला डाख चालत नाही, तिथे सरळ नवा रेडिएटर घ्यावा लागतो.

कधी कधी रंग असूनही दिव्याखाली चमक क्षीण दिसते. फ्लुओरेसीन अल्कधर्मी द्रावणात तेजाने चमकतो, आम्लात विझतो. कूलंटमधले ग्लायकॉल वर्षानुवर्षे तापून आम्ले बनवते, तेव्हा मंद चमक कूलंट बदलायची वेळ झाल्याचेही सुचवते. वर्गात हे दाखवायचे असेल तर कूलंट मात्र वापरू नये, ते चवीला गोड आणि अतिशय विषारी असते. प्रयोगशाळेतल्या फ्लुओरेसीनची चिमूट पाण्यात थोड्या खाण्याच्या सोड्याबरोबर विरघळवावी आणि निळ्या प्रकाशात धरावी. त्यात लिंबू पिळत गेले की चमक विझते, पुन्हा सोडा घातला की परत येते.